मेश्राम बाईंचे जंतू

मेश्राम बाई समोरच्याच्या डोळ्यांकडे पाहून कधी बोलल्याच नाहीत. त्या दातांकडे पाहून बोलायच्या. आरमोरीच्या कॉलेजात मी मराठी शिकवायला रुजू झालो, त्या दिवशी स्टाफरूममध्ये कुणीतरी ओळख करून दिली. मी नमस्कार करून हसलो, तर बाई पुढे झुकून म्हणाल्या, "डावीकडची वरची दाढ. किती दिवसांपासून ठणकून राह्यली?"

तीन महिन्यांपासून ठणकत होती. मी घरीही सांगितलं नव्हतं.

बाई सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायच्या. त्यांच्या पर्समध्ये एकवेळ कंगवा नसेल, पण कापूस गुंडाळलेल्या काड्या असायच्याच. एका सहकाऱ्याच्या लग्नात आहेराचं पाकीट देता देता त्यांनी नवरदेवाला "आ करा" म्हटलं, आणि समोर व्हिडिओवाला असताना त्यानं केलाही. प्राचार्यांनी भर मीटिंगमध्ये आपण सुपारी-तंबाखूचा खर्रा सोडल्याचं जाहीर केलं, तेव्हा बाई एवढंच बोलल्या, "सर, हिरड्या खोटं बोलत नाईत." त्या वर्षी नवा मायक्रोस्कोप काही मंजूर झाला नाही.

दात किडवणाऱ्या जंतूंची आम्हाला किळस. बाईंना मात्र त्यांचं भारी कौतुक.

"काय सोसते सर तो! तुमी गोड चहा पिता, तो त्याचं आम्ल करते, अन् त्याच आम्लात बसून राह्यते. वरून कधी गरम, कधी माठातलं थंड पाणी. तुमी-मी केव्हाच गेलो असतो. हा मरत नाई!"

"काऊन मरत नाई?" मी त्यांच्याच बोलीत विचारायचो.

"त्याच्यापाशी कातरी आहे."

ही कातरी म्हणजे प्रोटिएज. उष्णतेनं, आम्लानं जंतूच्या आतली प्रथिनं वाकडी होतात, एकमेकांत अडकतात. गुंता वाढला की जीव गेलाच. ही कातरी बिघडलेली प्रथिनं हुडकून कापते आणि त्या तुकड्यांतूनच जंतू नवी प्रथिनं विणतो. "चांगल्याले सहसा हात लावत नाई सर. डोळे नाईत, मेंदू नाई, अन् एवढी समज!" हे सांगताना बाईंचा आवाज बुद्धविहारात बोलावं तसा हळू व्हायचा.

एका मे महिन्यात पेपर तपासायला त्यांना चार दिवस नागपूरला जावं लागलं. प्रयोगशाळेतल्या उबपेटीत त्यांच्या जंतूंच्या सहा नळ्या होत्या. शिपाई सुटीवर, म्हणून चावी माझ्याकडे आली. "काई करू नका सर. पेटीचा दिवा लागून हाये का, तेवढं रोज पहा."

दुसऱ्याच दिवशी गावातली डीपी जळाली. पंखे बंद, नळाला पाणी नाही. त्या धांदलीत मी नळ्या साफ विसरलो. आठवल्या तेव्हा बाई जाऊन चौथा दिवस उजाडला होता. टिनाच्या छताखाली प्रयोगशाळेची भट्टी झाली होती. नळ्या हाताला कढत लागल्या. एसटीडी बूथपर्यंत गेलो आणि फोन न करताच परत आलो.

बाई परतल्यावर मी सगळं सांगितलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एकेक नळी उजेडात धरली. मग कुणी जिवंत आहे का ते पाहायला प्रत्येक नळीतला एकेक थेंब त्यांनी काचेच्या नव्या बशीतल्या खाद्यावर ओढला. वीज तोवर आली होती. दोन दिवस बाई घरी फक्त झोपायला गेल्या. डबा तसाच परत जायचा.

"बाई, माझ्याच तोंडातले घ्या ना," मी म्हणून पाहिलं. "हवे तेवढे आहेत."

त्या हसल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी हाक आली, "सर, इकडे या!"

पाच बशा कोऱ्या होत्या. सहावीत खसखशीएवढे तीन ठिपके. एकेक ठिपका म्हणजे वाचलेला एकेक जंतू, आता लेकराबाळांसकट. "लाखो होते," बाई कुजबुजल्या. "तिघं राह्यले." मीही वाकून पाहतच राहिलो. त्या अंधाऱ्या भट्टीत हे तिघं किती कापत, किती विणत बसले असतील!

"कोणाच्या तोंडातले हे, बाई?"

"बाबाच्या."

त्यांचे वडील एटापल्लीकडे फॉरेस्ट गार्ड होते. आई लवकर गेली, लेकीला त्यांनी एकट्यानं शिकवलं. बाईंना नोकरी लागली तेव्हा त्यांच्या कापसाच्या काडीसाठी बाबांनी हसत तोंड उघडलं होतं. "म्हणे, एवढी शिकली अन् पयला पेशंट बापच?" पुढच्या पावसाळ्यात ते गेले. तेव्हापासून नऊ वर्षं दर पंधरवड्याला बाई ते जंतू नव्या नळीत उतरवत होत्या.

"बाबा गेले," बशीवर झाकण ठेवत त्या म्हणाल्या, "पण याईले कोणी सांगतलंच नाई."

बाईंनी स्पिरिटचा दिवा पेटवला, जंतू उचलायच्या तारेचं टोक लाल होईपर्यंत ज्योतीत धरलं आणि तार माझ्या हातात दिली.

"शिकून घ्या सर," त्या म्हणाल्या. "मी नसली तं कोणीतरी पायजे."