सायकलवरची सापेक्षता

बेला गावच्या तहसील कचेरीतले कारकून सुखदेवराव यांना वेळ विचारायची सोय नव्हती. "किती वाजले जी?" म्हटलं की मनगटावरचं घड्याळ मुठीत झाकून ते विचारत, "कोनाच्या हिशेबानं?"

जमिनीच्या कागदाची नकल मागायला आलेला शेतकरी गोंधळून म्हणे, "तुमच्याच."

"मी तं बसून हाओ. बसनाऱ्याचं घड्याळ जोरात पळते. तुमी चालत आले, तुमचा टाइम कमी गेला."

नकल संध्याकाळीच मिळे, पण आपला वेळ कमी गेला या समाधानात शेतकरी घरी जाई.

हा रोग त्यांना मी लावला. मी शाळेत विज्ञान शिकवायचो. एकदा आमची दोघांची आदिलाबादची बस चुकली आणि पुढची येईपर्यंत मी ऐटीत सांगून टाकलं, की चालत्या माणसाचं घड्याळ हळू चालतं, वेगानं फिरणारा उशिरा म्हातारा होतो. फरक दिसायला प्रकाशाच्या जवळपासचा वेग लागतो, हे मात्र मी गाळलं. सांगितलं असतं तर गोष्टीतली गंमत गेली असती.

दुसऱ्या दिवसापासून सुखदेवराव कॅरियरवर गोधडीची घडी बांधून, तिच्यावर बायकोला, गयाबाईंना, बसवून, रोज संध्याकाळी पैनगंगेच्या रस्त्यानं सायकल हाणू लागले. पानठेल्यावरून विचारणा होई.

"काऊन जी, कुठं?"

"कुठंच नाही. बायकोची उमर थांबवून राह्यलो."

"तुमची बी थांबते ना मंग. फायदा काय?"

"तुमच्या हिशेबानं पाहा ना. तुमी इथं बसून म्हातारे होता."

"पन सायकल कितीक पळते?"

"म्हनूनच तं उतारावर ब्रेक लावत नाही."

चौथ्या वर्षी त्याच उतारावर दोघं कडेच्या कपाशीच्या पऱ्हाटीत जाऊन पडले. गयाबाईंचा हात प्लास्टरमध्ये गेला. मला रात्रभर झोप नाही. सकाळी त्यांच्या अंगणात जाऊन मी सगळं कबूल केलं: वेग पुरत नाही, मला तेव्हाच माहीत होतं, मी गप्प राहिलो.

सुखदेवरावांनी खिशातून एक पाठकोरा सरकारी कागद काढला. आकडेमोडीनं गच्च भरलेला.

"पयल्याच महिन्यात हिशेब केला मास्तर. उमरभर फिरवलं तरी पापनी लवाइतका बी टाइम वाचत नाही."

"मग कशाला फिरवता?"

त्यांनी घराकडे पाहून आवाज उतरवला. "लगन झालं तवा मी शाळेत होतो. मी शिकलो, ती लोकायच्या वावरात कापूस येचत राह्यली. माह्याच वयाची हाये, पन दहा वर्सं पुढं निंगून गेली. तिले फिराची लय हौस. नुसतं बायकोले फिरवतो म्हनलं असतं तं गावानं जगू देलं नसतं. सायन्स म्हनलं का कोनी हसत नाही."

"हसतात की."

"मले हसतात. तिले नाही."

माझ्या छातीवरचं चार वर्षांचं ओझं उतरलं. तेवढ्यात गयाबाई चांगल्या हातात चहाचा कप घेऊन बाहेर आल्या.

"मास्तर, चार वर्सं झाले. पडला का जी काई फरक?"

मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. चार वर्षांपूर्वी ही बाई परक्या माणसापुढे मानही वर करत नसे.

"पडला," मी म्हणालो. विज्ञानाचा मास्तर म्हणून इतक्या निर्धास्तपणे मी क्वचितच उत्तर दिलं असेल.