दगडूबाबांचं सुतक

आमच्या नानांकडे दर मार्गशीर्षात दहा दिवस सुतक असतं, आणि मेलेला माणूस दर वर्षी तोच असतो. दगडूबाबा. आमचे खापरपणजोबा. त्यांना पाहिलेला माणूस तर सोडाच, त्या माणसाला पाहिलेला माणूसही आता उरलेला नाही.

सुतक एकदाच असतं हो, पुढं फार तर वर्षश्राद्ध. पण नानांना कोण सांगणार? पहाटे पाचला भाऊबंदांत फोन फिरायचे. "सुतक लागनं. कढई उतारा." बस्स, ठेवला फोन. मग दहा दिवस तळण नाही, गोड नाही, देवळात जायचं नाही. कोणी कुरकुर केली की उत्तर ठरलेलं. "तो व्हता म्हनीसन आपन बठ्ठा शेतस." म्हणजे तो नसता तर आपण कोणीच नसतो.

ऐन लग्नसराईत हे झेंगट. माझा साखरपुडा त्यापायी पुढं ढकलला गेला, आणि सासरचे लोक "नक्की कोण वारलं?" असं विचारत राहिले. काय सांगू, कपाळ? आमच्या आत्याला तर लग्नाचा वाढदिवस एकदाही साजरा करता आलेला नाही. एका वर्षी सगळ्यांनी मिळून नानांचं सुतक धुडकावलं. त्याच आठवड्यात चुलत काकांच्या विहिरीवरची मोटर जळली. नाना एवढंच म्हणाले, "देखा." तेव्हापासून सगळे निमूट पाळायला लागले.

नाना म्हणजे माझ्या वडिलांचे, आबांचे, थोरले भाऊ. मूळ धुळ्याकडचे. दीपनगरला नोकरी केली आणि निवृत्तीनंतर जवळच घर बांधून राहिले. मीही तिथंच नोकरीला, म्हणून शेजारी. त्यांच्या ओसरीच्या भिंतीवर ऑइलपेंटनं वंशावळीचं झाड काढलेलं आहे. जिवंत माणसं हिरवी, मेलेली पांढरी. कोणी आजारी पडलं की नाना आधी भेटायला जायचे, आणि नाना दारात दिसले की आजारी माणसाला दरदरून घाम फुटायचा.

काकू पांढरी झाली आणि नाना एकटे पडले. मूलबाळ नाही. मग त्यांना एकच घोर लागला. उठता बसता मला विचारायचे, "मना मांगे हाई कोन करी?" मी म्हणायचो, "नाना, तुमच्या मागं आम्ही कढईभर भजी तळू." तेव्हा ते हसायचे नाहीत. मला आता त्याची लाज वाटते.

यंदा दिवाळीनंतर आमचे भाट वही घेऊन आले. पिढ्यान्‌पिढ्यांची नावं त्यांच्याकडे. मी सहज म्हटलं, दगडूबाबांची तिथी तेवढी वाचा, आमची कढई तिच्यावर अडलीय. भाटांनी पानं उलटली आणि म्हणाले, "तिथी लिहिलेलीच नाही." मग पुढची ओळ वाचली. दगडू दुष्काळात वाटेवर सापडला, आईबापांचा पत्ता नाही, पोटचा म्हणून वाढवला.

मी नानांकडे पाहिलं. ते भिंतीकडे बघत होते. भाट गेल्यावर मी विचारलं, मग तिथी कोणाची?

"छायानी," नाना म्हणाले.

छाया मला अंधुक आठवते. नाना-काकूंनी धुळ्याच्या आश्रमातून आणलेली मुलगी. नऊ वर्षांची झाली आणि तापानं गेली. नेमकी आत्याच्या हळदीच्या दिवशी. घरात सुतक धरलं असतं तर लग्न थांबलं असतं. तेव्हा माझे आबा म्हणाले होते, "आपला रक्तनी नही ती. सुतक कसानं?" बहिणीच्या लग्नात विघ्न नको म्हणून नाना गप्प बसले. दहा दिवस नवरा-बायको दोघंच दार लोटून बसले. मी त्या लग्नात जिलब्या खाल्ल्या होत्या. किती खाल्ल्या ते मी वर्षानुवर्षं फुशारकीनं सांगत आलो.

"तिनं नाव लिधं असतं ते कोनी ऐकतं का?" नाना म्हणाले. "म्हनीसन बाबानं नाव लिधं." सुतक छायाचं होतं, नाव तेवढं दगडूबाबांचं.

दगडूबाबा सापडलेले, हे नानांना पूर्वीपासून ठाऊक होतं. रक्ताच्या गोष्टी करणारे आम्ही सगळे त्या वाटेवरच्या पोराचे. एवढं हुकमाचं पान हातात असून हा माणूस तीस वर्षं गप्प! मी चिडूनच विचारलं, आबांना हे ऐकवलं का नाही?

"कसाले? मना भाऊनी मान खाले करू का?"

पुढच्याच आठवड्यात नानांना झटका आला. तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, वाचा गेली. मार्गशीर्ष उजाडला. ती तिथी आली, पण पहाटे कोणाचाच फोन वाजला नाही. सकाळी मी त्यांच्या उशाशी बसलो, तर चांगला हात सारखा मोबाइलकडे जात होता. मी धुळ्याला आबांना फोन लावला आणि आवाज मोठा केला, नानांना ऐकू येईल असा. पलीकडे काहीतरी तळल्याचा चरचर आवाज येत होता.

"आबा, सुतक लागलं."

"दगडूबाबानं ना? माले वाटनं, यंदा सुटनूत."

"नाही. छायाचं."

भाटांच्या वहीबद्दल मी बोललो नाही. नानांनी जे तीस वर्षं टाळलं ते मी कशाला करू? चरचर तेवढी ऐकू येत राहिली. मला वाटलं, फोन ठेवतात की काय. मग आबा फोन न ठेवताच स्वयंपाकघरात ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणाले, "ओ, कढई उतार."

आतून आईनं घाबरून विचारलं, "का? कोन गयं?"

"आपली छाया गयी," आबा म्हणाले.