जुन्या बांगड्या द्या, नव्या भरून घ्या!

“हे वणीहून परत येईपर्यंत दुकानाची कळा पालटून नाही दाखवली, तर नावाची सलिमा नाही मी!”

सलिमानं दिराला असं ठणकावून सांगितलं. ठणकावून म्हणजे कुजबुजून. कारण मांडीवर सितारा नुकती कुठं निजली होती, आणि सितारा एकदा जागी झाली की गोदावरीला पूर आला समजून घाटावरची माणसं धुणी उचलायला लागत, असा तिचा आवाज!

सलिमाच्या नवऱ्याचं, इनायत मणेराचं बांगड्यांचं दुकान घाटाकडे उतरणाऱ्या गल्लीत होतं. होतं म्हणजे दार उघडं असायचं, एवढंच. मंदीनं लोकांच्या लग्नांत पंगती आखडल्या, मग बांगड्या कोण विचारतो? त्यात समोरच्या लियाकतचाचांनी जपानी बांगड्या आणल्या. पावलीच्या मालाला रुपयाची चमक! येणारी-जाणारी तिकडं अशी ओढली जायची, जशा दिव्याकडं पाकोळ्या. इकडं इनायत आपला एकटाच ओट्यावर बसून काचेच्या बांगड्यांवरची धूळ फुंकायचा.

चैत्राच्या यात्रेला वणीला निघताना त्यानं होता नव्हता तो चांगला माल पेटीत भरला आणि सलिमाकडं न बघता म्हणाला, “पेटी रिकामी झाली तर अल्लाची मेहेरबानी. नाही झाली तर मुंबई. गोदीत काम आहे म्हणतात.”

मुंबईला गेलेली माणसं सलिमानं पाहिली होती. मागल्या आळीतल्या ताहेराचा नवरा असाच गेला. परत आला तेव्हा त्याच्याच पोरानं त्याला पाहून आतून कडी घातली! “अम्मी, कोणी वसुलीवाला आलाय,” म्हणाला. सगळी आळी हसली. सलिमाही हसली, पण त्या रात्री तिनं निजलेल्या सिताराला उगीचच उचलून इनायतच्या कुशीत ठेवलं होतं. चेहरा नीट लक्षात राहू दे, म्हणून.

तर दुकान वाचवायचं. कसं? उत्तर घरातच होतं, आणि ते सकाळ-संध्याकाळ मोठ्यानं पाठ म्हणत होतं. दीर रियाज मॅट्रिक होऊन आता व्यापारशास्त्राच्या परीक्षेला बसणार होता. त्याची घोकंपट्टी हीच सिताराची अंगाई! “भांडवल म्हणजे पुढील संपत्ती उत्पन्न करण्यास लावलेली संपत्ती” इथवर आलं की पोरीच्या पापण्या मिटत. त्यामुळं सलिमालाही अर्धं पुस्तक तोंडपाठ झालेलं.

“भाभी, मागणी म्हणजे नुसती इच्छा नव्हे,” रियाज बोट नाचवत म्हणाला. “इच्छा, ऐपत आणि खर्चायची तयारी, तिन्ही पाहिजेत.”

“मग आपल्या गल्लीत इच्छा तेवढी आहे!”

“ऐपत नसेल तर सवलत द्यायची! मुंबईत एक दुकानदार जुना स्टोव्ह घेतो, नव्याची किंमत कमी करतो. गिऱ्हाइकांची नुसती झुंबड!”

सलिमाचे डोळे चमकले. “म्हणजे जुनी बांगडी घ्यायची आणि नवीत सूट द्यायची? जुनी काच भट्टीवाला घेईलच की!”

“वाहवा भाभी! तुम्ही परीक्षेला बसा, मी पोरगी सांभाळतो!”

आता बघा, एक मणेराचा मुलगा आणि एक मणेराची बायको. बांगडी फुटली असंसुद्धा ज्या घरात म्हणत नाहीत, वाढली म्हणतात, त्या घरातली ही दोन माणसं! पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तयारी झाली. रियाजच्या पुस्तकात मांडणीवर आख्खा धडा होता. त्यानं गिऱ्हाइकांना बसायला ओट्यावर स्वच्छ पांढरी चादर अंथरली. “रंग उठून दिसतात,” म्हणाला. मग म्हणाला, “पहिलं गिऱ्हाईक दिसल्याशिवाय दुसरं येत नाही, भाभी. आधी थोड्या जुन्या बांगड्या दिसायला हव्यात.”

आता गिऱ्हाइकाआधी जुन्या बांगड्या आणायच्या कुठून? सलिमानं कोपऱ्यातल्या डब्यातला तडकलेला माल काढून चादरीवर ओतला. ढीग काही मनासारखा होईना. मग तिनं स्वतःच्या हातातल्या बांगड्या उतरवल्या. दोन तर निघेचनात, त्या उंबऱ्यावर टिचवून काढल्या. हे आले की त्यांच्या हातानं नव्या भरून घेऊ, असा गोड विचार! डोळे मात्र लाल झालेले. सिताराला दात येत होते, रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता.

पाटी लिहायला रियाज खडू शोधत आत गेला, आणि तेवढ्यात घाटावर फुलं विकणारी चतुराबाई टोपली घेऊन गल्लीत शिरली.

चतुराबाईनं पाहिलं. पांढरी चादर. फुटक्या बांगड्यांचा ढीग. उंबऱ्यात बसलेली सलिमा. लाल डोळे. मांडीवर लेकरू. आणि दोन्ही हात ओकेबोके!

टोपली खाली पडली. “अगं माझे बाई! इनायत!”

“ते वणीला गेलेत, चतुरामावशी,” सलिमा हसून म्हणाली.

“वणीला! देवीच्या पायथ्याशी! सोनं झालं गं त्याचं, पण ह्या वयात?”

“अहो, संध्याकाळी येतील ना ते!”

“आणतील गं, आणतील. गाडी केली आसंल कोणीतरी. तू नको काळजी करू!” आणि चतुराबाईनं जो हंबरडा फोडला, तो ऐकून सिताराही जागी झाली. दोघींनी मिळून गल्ली गोळा केली!

धुणं टाकून बायका आल्या, जातं सोडून बायका आल्या. चादर भरून गेली. गेल्या वर्षभरात मिळून दुकानात इतक्या बायका आल्या नव्हत्या. सलिमा सगळ्यांना सांगत सुटली, “अहो, हे दुकानासाठी केलंय! हे भांडवल आहे, भांडवल!”

“डोक्यावर परिणाम झाला पोरीच्या,” सरुबाई डोळ्याला पदर लावून म्हणाली.

रियाज खडू घेऊन धावत आला. “रडू नका! यात तोटा काहीच नाही! जुनं गेल्याशिवाय नवं येत नाही!”

चतुराबाईनं त्याला अशी एक थोबाडीत दिली की खडूचे दोन तुकडे झाले. “मेल्या, सख्खा भाऊ ना रं तुझा?”

तोवर लियाकतचाचाही दुकान बंद करून आले. त्यांनी खरोखरीचे अश्रू ढाळले, आणि ढाळता ढाळता इनायतच्या ओट्याची लांबी-रुंदीही नजरेनं मोजून घेतली. कोणी शेजारून भाकऱ्या आणल्या. असल्या घरी चूल पेटत नसते. बहिरू टांगेवाला तर बातमी घेऊन दिंडोरीच्या रस्त्याला लागलासुद्धा.

आणि मग सलिमाचं काय झालं ते सांगवत नाही. इतक्या बायका, इतकं रडणं, बहिरूचा टांगा रोज त्याच रस्त्यानं जाणारा... तिच्या मनात पाल चुकचुकली. ह्यांना काही कळलंय का? मला सांगत नाहीत का? सकाळी आपण आपल्या हातानं बांगड्या टिचवल्या, तेव्हाच तर नसेल? तिनं मोकळ्या मनगटांकडं पाहिलं. तिनं सिताराला छातीशी घट्ट धरलं आणि ती खरंच रडू लागली. आता तिला समजवायला कोणीच नव्हतं. सगळ्या जणी तिच्याआधीच रडत होत्या!

संध्याकाळी इनायत दिंडोरी नाक्यावर पोचला. खांद्यावर पेटी, गेली तेवढीच जड. वाटेत बहिरू टांगेवाला भेटला, पण इनायतनं हाक मारताच त्यानं घोड्याला असा चाबूक ओढला की टांगा एका चाकावर वळला. माणसं हल्ली ओळख देत नाहीत, असं मनाशी म्हणत इनायत गल्लीत शिरला.

त्याच्या दारात गर्दी. पांढरी चादर. रडणं. स्वतःच्या मरणाची शंका माणसाला येत नाही. त्याला एकच सुचलं.

“सितारा!”

खांद्यावरची पेटी सुटली. वणीहून जशीच्या तशी आलेली, गवतात बांधलेली सगळी काच दगडी फरशीवर आदळली, आणि तो आवाज इतका मोठा होता की रडणारी सगळी गल्ली एकदम गप्प झाली. त्या शांततेत फक्त सितारा रडत होती. इनायतनं काचा तुडवत जाऊन तिला उचललं, आणि तिच्या मानेत तोंड खुपसलं.

सलिमा त्याच्या पायाकडं बघत राहिली. पायातून रक्त येत होतं. म्हणजे जिवंत होता!

“अगं बया, जिता हाय!” चतुराबाई ओरडली. पाठोपाठ तिचं लक्ष सलिमाकडं गेलं. “आणि ही अशी मोकळ्या हातानं उभी? आधी हिचे हात भरा!”

भरणार कशानं? चांगला माल फरशीवर, तडकलेला चादरीवर. मणेराच्या घरात मणेराच्या बायकोला एक बांगडी नव्हती! लियाकतचाचांनी पुढं होऊन किल्ली काढली. “चल बेटा. माझ्या दुकानात चल.”

इनायत समोरच्या ओट्यावर बसला. त्यानं सलिमाचा हात हातात घेतला, अंगठ्याच्या मुळाशी दाबून मऊ केला आणि लियाकतचाचांच्या जपानी बांगड्या एकेक करून चढवल्या. एकही वाढली नाही.

“दुखलं नाही ना, बाई?” सवयीनं त्यानं विचारलं. गिऱ्हाइकाला विचारावं तसं.

“नाही,” सलिमा म्हणाली, आणि तिला इतकं रडू आलं की ओढणी पुरेना.

चतुराबाई मात्र हात पुढं करून बसलीच होती. “ज्याच्या मरणाची बातमी उठली त्याचं आयुष्य वाढतं! ह्याच्या हातचं लेणं लाभणार! भर रं इनायत, मलाबी भर!”

झालं! दिवसभर रडलेल्या सगळ्या बायका रांगेत बसल्या. यमाच्या दारातून परत आलेला हात कोणाला नको? दिवे लागेपर्यंत इनायत बांगड्या भरत होता आणि लियाकतचाचांची फळ्यांवरची मांडणी उतरत होती. शेवटी चाचा त्याच्या शेजारी टेकले.

“मुंबईला कशाला मरायला जातोस? माल माझा, हात तुझा. पगारावर बस इथं.”

इनायतनं समोर आपल्या दाराकडं पाहिलं. रियाज केरसुणीनं काचा भरत होता. “बरं,” इनायत म्हणाला. तो इतकं हळू म्हणाला की चाचांनी पुन्हा विचारलं.

इनायत मुंबईला गेला नाही. सलिमाला हवं होतं ते झालं, तक्रारीला जागा नाही. दुकानाच्या जागेत आता लियाकतचाचांची खोकी असतात. सितारा त्यांना धरून उभी राहायला शिकली. रोज सकाळी बाप गल्ली ओलांडून समोर जातो तेव्हा ती दारातून त्याला टाटा करते, आणि दिवसभर तिला तो दिसत राहतो, दुसऱ्याच्या ओट्यावर.

पेठ-सुरगाण्याकडच्या खेड्यांतल्या बायका अजून कधीमधी जुन्याच दाराशी येतात. “इनायत मणेराचं दुकान हेच ना, बाई?”

सलिमा हात वर करून समोर दाखवते. हात तेवढा भरलेला असतो.