बोंड की अळी

माझ्यावर घरात एकानंही विश्वास ठेवला न्हाई. डाव्या कानात अळी शिरली, ती मेंदूकडं चालली, हे मी तीन दिवस ओरडून सांगत होते. आन् मालक काय म्हणाले? “आपली बीटी कपाशी हाय. तिच्यात बोंडअळी पडतच न्हाई.” बायको मेली तरी चालंल, बियाण्याला नाव ठेवायचं न्हाई!

झालं असं. आमची सून बेबीनंदा टेंभुर्णीहून, माहेरून, मोबाईलवर गाणी ऐकायची रबरी टोकांची वायर घेऊन आल्ती. मी हाका माराव्या, तिनं नुसती मान डोलवावी. मी तिच्याच हातानं कॅलेंडरच्या पाठीमागं लिहून घेतलं, ‘ह्या वायरीनं घरात कोणाचा कान गेला तर जबाबदार बेबीनंदा,’ आन् भिंतीला टांगलं.

मंग मलाच हौस आली. भाकरी थापताना कीर्तन ऐकावं, एवढंच. (चोरून. सासूला काय मन नसतं?) मोबाईलसंगं आलेली कडक बटणांची वायर घातली, तर वाकलं की पडायची. एक बटण तुटून पिठात मळलं गेलं, मालकांच्या दाताखाली निघालं. ते म्हणाले, ज्वारीत खडा हाय. मी म्हणलं, असंल. मंग मालकांची, कानावर आकडा अडकवायची घातली. आकडा गुंतला बुगडीत, सोडवेपर्यंत भाकरीचा कोळसा.

राहिली सुनेची रबरी. ती अशी बसली, जशी माझ्याच कानाच्या मापाची. महाराज थेट डोक्यात मांडी घालून बसले. पण दूध उतू गेलं, शेळी घरात शिरली, कायबी ऐकू आलं न्हाई. दारात सुनेची सावली दिसली तेव्हा कळलं. वायर खसकन ओढली, तिच्या पिशवीत कोंबली, आन् घरात रचलेल्या कपाशीच्या ढिगाला टेकून झोपेचं सोंग घेतलं.

उठले तर डावा कान गच्च. तेवढ्यात बेबीनंदा काहीतरी हुडकत आली. “आत्याबाई, बोंड आलं का तुमच्याकडं?”

मला एका कानानं ऐकू आलं, ‘बोंडअळी... तुमच्याकडं!’

मी कानावर हात दाबला. कपाशीला टेकलेच होते ना मी!

घास चावला की आत करकर. मी थांबले की तीबी थांबायची. अळी मोठी हुशार निघाली. मी जेवणच सोडलं. लसणाचं कोमट तेल ओतलं, तर कान आणखीच बसला. डोळे मिटायची भीती वाटायची. मी झोपले आन् ती पलीकडल्या कानानं निघाली तर?

“बेबीनंदा, माझी बुगडी तूच घे,” मी म्हणलं.

“आत्याबाई, असं काय बोलून राह्यल्या?”

मालक हसले. “फवारणीचा पंप आणू का?”

“आणा!” मी म्हणलं, आन् डोळ्यांतून पाणी आलं.

तेव्हा मालकांचं हसू गेलं. मोटारसायकल काढली, मला मधी बसवलं, सुनेला मागं, आन् थेट परतूरचा दवाखाना.

डॉक्टरनं कानात बॅटरी मारली. “मावशी, कानात काही घातलं होतं?”

“न्हाई.”

“इअरफोन वगैरे?”

“आमच्यात बायका असलं घालत न्हाईत.”

चिमटा आत गेला. टप्पकन आवाज झाला. मी डोळे मिटूनच विचारलं, “मेली का?”

“जिवंत कधी होती?” डॉक्टर म्हणाला.

कापसावर काळं, तेलकट, बोंडासारखं गोल रबराचं टोक पडलेलं. बेबीनंदा किंचाळली, “आत्याबाई, माझं बोंड!” तिनं पिशवीतली वायर काढली, बोंड बराबर बसवलं, हुंगलं, आन् माझ्याकडं पाह्यलं. लसणाचा वास सगळ्या दवाखान्यात पसरला.

घरी येईस्तोवर दोघं पुढून-मागून खुसखुसत होते. (कान उघडा झाल्ता, म्हणून जास्तच ऐकू आलं.) मालकांनी कॅलेंडर खाली घेतलं, माझ्या हातात पेन दिला.

“चूक त्या बोंडाची हाय,” मी म्हणलं.

“बोंडाला सही येत न्हाई. तू चौथी पास हायेस.”

सुनेनं तोंडाला पदर लावला. मी तिचं नाव खोडलं. मुंगीएवढ्या अक्षरात काहीतरी लिहिलं.

“मोठं लिव्ह,” मालक म्हणाले, “मला चष्मा न्हाई.”

मंग लिहिलं, ओळीभर मोठं: गोजरबाई.