अमृतरावांनी दाखवलेले फ्लेमिंगो

गाडीची पुढची दोन्ही चाकं गाळात बुडाली तरी अमृतरावांचा पाय अॅक्सिलरेटरवरच होता. चाकं गरागरा फिरत होती आणि काळा चिखल उडून काचेवर येत होता.

"मी म्हणत होते, गाडी वरच ठेवा. खाली गाळ असतो," वच्छलाबाई म्हणाल्या.

"तुला काय ठाऊक इथलं? मोबाईल रस्ता दाखवतोय ना!"

मोबाईल खोटं बोलत नव्हता. तिथं रस्ता होताच. फक्त तो उजनी धरण बांधण्याच्या आधीचा होता आणि थोडं पुढं जाऊन सरळ पाण्यात शिरत होता.

सोलापूरच्या नवी पेठेत अमृतरावांचं साड्यांचं दुकान. फार वर्षांपूर्वी वच्छलाबाईंनी पेपरात उजनीच्या फ्लेमिंगोंचा फोटो पाहिला आणि "एकदा बघायचेत हो," म्हणाल्या. तेव्हापासून अमृतराव दर हिवाळ्यात "यंदा नक्की नेतो" म्हणत आणि अगदी मनापासून म्हणत. मग लग्नसराई यायची, माल यायचा, पक्षी निघून जायचे. पुढं पुढं वच्छलाबाईंनी विचारणंच सोडलं. बायको समजूतदार झाली, असं अमृतरावांना वाटलं.

यंदा धाकट्या लेकीचं लग्न झालं आणि घर रिकामं झालं. एका रात्री दोघं जेवायला बसले. "मीठ?" आणि "नको," एवढ्या दोन शब्दांत जेवण संपलं. अमृतरावांना कसंतरीच झालं. शनिवारी भर दुपारी त्यांनी दुकानाचं शटर ओढलं. घरी येऊन म्हणाले, "चल, फ्लेमिंगो!"

"बरं," वच्छलाबाई म्हणाल्या. भाजी आणायला निघाल्यासारख्या.

आता अमृतराव गाडी ढकलायला खाली उतरले. पाय घोट्याच्या वर गेला. वर काढला तेव्हा नुसता पायच आला, बूट आतच राहिला. बूट शोधायला वाकले तर कोपरापर्यंत हात गेला. बुटाऐवजी हाताला काहीतरी गुळगुळीत, वळवळणारं लागलं आणि अमृतराव होते तिथंच बसले.

लव्हाळ्यातून जाळं खांद्यावर घेतलेला एक मासेमार आला. त्याचं नाव कुंडलिक. त्यानं गाडी पाहिली, मग अमृतराव पाहिले.

"आज न्हाय निघायची ही. ट्रॅक्टर उसावर गेलाय. सकाळी वढू की. चला घरला."

कुंडलिकचं घर काठावरच्या उंचवट्यावर होतं. बायको बजाबाई लेकीकडं गेली होती, म्हणून त्यानं स्वतःच चूल पेटवली. ताजी चिलापी मासळी, शेंगदाण्याच्या कुटाचा लालभडक रस्सा आणि ज्वारीच्या भाकरी. वच्छलाबाईंनी न सांगता पीठ मळायला घेतलं. अमृतराव मात्र पेपरात वाचलेलं ज्ञान कुंडलिकला देऊ लागले. फ्लेमिंगो कुठून येतात, काय खातात, गुलाबी का होतात.

"व्हय का?" ज्याच्या दारात हे पक्षी दर साल उतरायचे तो कुंडलिक आदरानं म्हणाला. "पर मालक, बोलत बोलत खाऊ नगा. लई काटं असत्यात."

"अहो, काट्याचं काय एवढं! तर मुद्दा असा, की त्यांची चोच—"

चोच तिथंच राहिली. अमृतरावांचे डोळे पांढरे झाले. पाणी झालं, कोरड्या भाकरीचे गोळे झाले, पाठीत गुद्दे झाले. काटा हलला नाही. झोपायची वेळ झाली तेव्हा अमृतरावांचा आवाज पार बसला होता. डासांनी फोडून काढलं, बेडकांनी उच्छाद मांडला. मग अगदी जवळून कुणीतरी गळा काढला, तसे अमृतराव ताडकन उठून बसले.

"कोल्हं हाय. झोपा," अंधारातून कुंडलिक म्हणाला.

वच्छलाबाई गोधडीत गाढ झोपल्या होत्या.

सकाळी ट्रॅक्टर आला. त्यावर बजाबाईही बसून आली होती. खाली उतरली आणि वच्छलाबाईंना बघून तिनं दोन्ही हात हवेत उडवले.

"अगं बया! ताई, तुमी? औंदा भनीला न्हाय आणलं व्हय?"

वच्छलाबाईंनी पदर सावरला. अमृतरावांनी तोंड उघडलं, पण नुसती हवा बाहेर आली.

"लई हौशी बाई," बजाबाई त्यांना सांगू लागली. "गेल्या साली आमचं मालक बाजारला गेलतं, तवा दोगी भनी दिसभर हितंच बसून हुत्या. लाल पाखरं बगून डोळ्यात पानी आलतं ताईंच्या."

गेल्या वर्षी वच्छलाबाई केमला बहिणीकडे गेल्या होत्या. अमृतरावांनीच त्यांना गाडीत बसवून दिलं होतं. त्यांनी हात पसरून, भुवया उंचावून बायकोकडे पाहिलं.

"कशी सांगणार?" वच्छलाबाई हळूच म्हणाल्या. "दरवर्षी तुम्ही एवढ्या हौसेनं नेतो म्हणायचा. बघून आले म्हटलं असतं, तर तेवढंही बोलणं राहिलं नसतं आपल्यात."

दुकानात गिऱ्हाइकाला कधी बिनउत्तराचं न सोडणारा हा माणूस एका पायात बूट घालून लंगडत गाडीकडं निघाला. तेवढ्यात ट्रॅक्टरनं जोर लावला, धडधडाट झाला आणि गाडी सुटली. बजाबाई ओरडली, "बगा बगा, उडाली!"

अमृतराव वळले. दूर पाण्यावर एक फिकट गुलाबी रेघ हलली आणि धुक्यात विरून गेली. त्यांच्या वाट्याला तेवढीच आली.

परतीच्या वाटेवर टेंभुर्णी मागं पडली. बजाबाईनं बांधून दिलेल्या भाकरीचा घास गिळताना काटा एकदाचा निघाला. अमृतरावांनी खाकरून पाहिलं. आवाज आला होता. त्या गाळाबद्दल, त्या मोबाईलबद्दल, बहिणीबद्दल बोलण्यासारखं पुष्कळ होतं.

"कसे दिसतात गं ते?" त्यांनी विचारलं.

वच्छलाबाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. खरंच विचारताहेत, अशी खात्री झाल्यावर त्या सावरून बसल्या.

"उभे असतात ना, तेव्हा पांढरेच वाटतात. पण पंख उघडले की आत..."

मोहोळ आलं, गेलं. सोलापूर जवळ आलं तरी त्यांचं सांगणं संपलं नव्हतं. अमृतरावांनी मध्ये एक शब्द घातला नाही. मागून ट्रक हॉर्न देत होते, पण त्यांनी गाडीचा वेग मुद्दामच कमी ठेवला होता.