आधी घरातली खिडकी

ऑनलाइन शाळेच्या काळात आमच्या साठेबाई हजेरीआधी एकच फर्मान काढत. "आधी घरातली खिडकी उघडा, मग माझी." मुलं उठून खरीखुरी खिडकी उघडत, तेव्हा कुठे नववीचं विज्ञान सुरू होई. बाहेर काय दिसतंय, तेही एकेकाला सांगावं लागे. मी त्याच शाळेत मराठी शिकवायचे. बाईंच्या जिभेला आम्ही सगळेच टरकून असू. "मुलगा दिवसभर मोबाइलवर असतो," अशी एका वडिलांनी तक्रार केली, तर म्हणाल्या, "त्याची शाळाच तिथे भरते. जाणार कुठे?"

त्या वर्गातल्या मयूरीचा कॅमेरा मात्र कायम बंद. बाहेर काय दिसतं, या प्रश्नावर तिने एकदा एवढंच टाइप केलं, 'भिंत.'

निर्बंध उठल्यावर बाई मला घेऊन शहराबाहेर मांजरी गावात तिच्या घरी गेल्या. आईवडील यवतमाळहून कामासाठी आलेले. आई दारातच रडायला लागली. "दिवसा झोपते, रातभर जागते. जेवत नाही, बोलत नाही जी कोणाशी."

बाईंनी मयूरीला एक शब्द विचारला नाही. म्हणाल्या, "इथे ऊस कुठे आहे गं? मी पेठेतली. रसवंतीत आहे तेवढाच पाहिलाय." पोरगी मुकाट्याने चपला घालून खाली आली. मग दर शनिवारी दोघी उसाच्या कडेने चालत. आईला समजावून बाईंनीच तिला डॉक्टरांकडे नेलं.

शाळा उघडली. मयूरी आली, पण फाटकापाशीच थबकली. आतला गलका ऐकूनच मागे सरकली.

"नको येऊस आत," बाई म्हणाल्या. "फाटकापर्यंत आलीस, आजच्यापुरतं खूप झालं."

रोज मधल्या सुट्टीत बाई फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर तिच्याबरोबर डबा खाऊ लागल्या. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, असं कसं चालेल? शिस्त आहे की नाही?"

"सर, शाळा इतके दिवस मुलांच्या घरात राहिली. कुणी काही बोललं? एक पोर शाळेच्या दारात बसली, तर बिघडलं कुठे?"



पुढे तिच्या पूर्वीच्या बाकावरची एक मैत्रीण कट्ट्यावर येऊन बसू लागली, मग आणखी दोघी. आणि एका सकाळी त्या पोरींच्या घोळक्यात, कशावर तरी खिदळत, मयूरी फाटकातून सरळ आत गेली. बाई तिथेच उभ्या होत्या. तिचं लक्षही गेलं नाही.

"बघितलंसुद्धा नाही हो तिने तुमच्याकडे," मी म्हटलं.

"बघायचं कशाला? हसत गेली ना?" बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. बराच वेळ पुसत राहिल्या.

मधल्या सुट्टीत त्या माझ्या टेबलापाशी आल्या. इतक्या वर्षांत कधी आल्या नव्हत्या. घरी त्या एकट्याच असतात, एवढंच मला ठाऊक होतं.

"डबा दोघींचा आणलाय," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्ही बसाल का?"