होडीचं बूड आणि सहा पुडे मीठ

माझ्या हातून धुतलेल्या कापडाचा रंग आजवर कधी बिघडलेला नाही! चाळीस वर्षं संसार केला, घरभर माणसांचे कपडे धुतले. पण एका तरी पांढऱ्या शर्टावर गुलाबी डाग पडलेला कोणी दाखवून द्यावा, मी त्याचे पाय धुवीन! शाळा माझी चौथीत सुटली, पण नवी चादर हातात घेतली की ती कच्च्या रंगाची की पक्क्या, हे मी दुकानदाराच्या आधी सांगते. ओलं बोट घासायचं. बोट रंगलं की चादर कच्ची! मग तिला मिठाच्या पाण्यातून काढायची, सुटणारा रंग एकदाचा सुटू द्यायचा. तीन पाणी झाली की ती चादर जन्मभर इमानदार राहते.

हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे घडलं त्यात माझी काही चूक नव्हती. म्हणजे, फारशी नव्हती.

आमच्या यांची एक चौदा फुटी शिडाची होडी आहे. यांनी आयुष्यात दोनच गोष्टींवर मनापासून प्रेम केलं, एक ही होडी आणि दुसरी दुपारची डुलकी. होडी दोन वर्षं मागच्या अंगणात लाकडी घोड्यांवर उपडी पडून होती. तिच्या बुडाकडे बघवत नव्हतं! भेगा, फुगे, पोपडे, वर चिकटून वाळलेले शिंपले. माझ्या टाचा त्यापुढे रेशमी म्हणायच्या!

"फोडा आणि जळणाला द्या," मी म्हटलं.

"मी करते नीट," सूनबाई म्हणाली.

आमची सून म्हणजे चष्मा आणि दोन हाडं! दिवसातून मोजून वीस वाक्यं बोलते, त्यातली दहा 'हो आई' असतात. मला वाटलं, दोन दिवस खरवडेल आणि पाठ धरून बसेल. पण माहेरी वडिलांचं सुतारकामाचं दुकान, तिथे ही रंध्याच्या आवाजात वाढलेली. तीन आठवडे ती त्या बुडाला चिकटली, शिंपल्यांनी काय चिकटावं! आधी शिंपले काढले. मग लहान हातोडीने इंच इंच ठोकून आवाज ऐकला. जिथे आवाज बद्द येईल तिथलं लाकूड कुजकं, ते कोरून काढलं आणि नवं बसवलं. भेगा लांबीच्या लगद्याने बुजवल्या. मग पॉलिश पेपर! आधी जाडा, मग बारीक, मग त्याहून बारीक. हात लावून बघायची, आणि हाताचा भरवसा वाटला नाही की डोळे मिटून बुडाला गाल लावायची. माझ्या मुलाला मी इतकं जपून अंघोळ घातली नसेल!

त्यावर राखाडी प्रायमर. त्यावर निळा रंग. त्यावर लाल, दोन हात. होडी जिथवर पाण्यात बुडते त्या रेघेशी चिकटपट्टी अशी लावलेली की रंग एक केसभर इकडचा तिकडे नाही! मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज बघायची आणि मनात म्हणायची, पोरीच्या हातात जादू आहे! तोंडावर मात्र एवढंच, "पायपुसण्यावर लाल पाय उमटवू नकोस." सुनेला तोंडावर चांगलं म्हटलं की सासूचं वजन घटतं, अशी माझी आपली समजूत.

आता एवढा खटाटोप कशासाठी? तर बंदरावर होड्या दुरुस्त करण्याचं यार्ड आहे. त्याच्या मालकाला सगळे मास्तर म्हणतात. चंद्र दाखवला तर आधी डाग मोजेल, असा माणूस! सूनबाई त्याच्याकडे काम मागायला गेली, तर म्हणाला, "एक होडी करून दाखव. गुरुवारी चार वाजता येऊन बूड बघेन. पसंत पडलं तर बंदरावरच्या होडी क्लबच्या बारा होड्या तुझ्या हातात." त्या दिवशी जेवताना ती माझ्या मुलाला हळूच म्हणाली, "एवढं जमलं ना, तर मला दुसरं काही नको." मी वाढत होते. मला काय ऐकू येत नाही?

गुरुवारी सकाळी ती यार्डात निघाली. मास्तरने सांगितलं होतं, दिवसभर आमचं काम बघ, चारला तुझं बघू. जाताना दारातून म्हणाली, "आई, होडीला कोणी हात लावू नका हं."

मी कशाला हात लावतेय? मी फक्त बोट लावलं! तेही ओलं, भांडी घासता घासता कौतुकाने जाऊन.

बोट लाल!

दुसरं बोट लावलं. तेही लाल! रंग कच्चा! दुकानदाराने गरीब पोरीला फसवलं! आता चार वाजता तो मास्तर येणार, बोट फिरवणार आणि म्हणणार, "हा रंग? हा तर शिंकलं तरी उडेल!" तीन आठवड्यांचं काम पाण्यात, आणि तेही होडी पाण्यात जायच्या आधी!

घड्याळात अकरा वाजले होते. मी बाह्या सरसावल्या.

घरातले दोन पुडे मीठ संपले. शेजारून एक आणला, दुकानातून तीन. "काकू, कशाला एवढं?" दुकानदाराने विचारलं. "रंग पक्का करायला!" मी म्हटलं आणि निघाले. साबण, मिठाचं पाणी आणि फरशी घासायचा ताठ केसांचा ब्रश. हात लावायचा नव्हता, म्हणून ब्रश!

पहिलं पाणी लाल निघालं. निघणारच. दुसरं लाल. तिसरं लाल. नवव्या बादलीलाही लालच! असली चादर मी जन्मात पाहिली नव्हती. पण मी काय हार मानणारी? दुपारी दोनच्या सुमाराला लालमधून निळा डोकावला. मी मनात म्हटलं, चला, पक्का रंग लागला! तर तोही सुटायला लागला! खाली राखाडी दिसला, तो मात्र ढिम्म हलेना. तेव्हा कुठे जरा बरं वाटलं.

इथे एक गोष्ट तुम्हाला सांगून ठेवते, जी मला तेव्हा ठाऊक नव्हती. आमचे हे जेवून होडीखालच्या सावलीत घडीची खाट टाकून झोपले होते. पाय बाहेर. मी घासत होते उजवीकडे, पाय होते डावीकडे, आणि बुडावरून ओघळणारं लाल पाणी नेमकं त्यांच्या पायांवर ठिबकत होतं. उरलेलं अंगणाच्या उतारावरून फाटकाबाहेर, थेट गल्लीत!

साडेतीनला पोस्टमन आला. गल्लीतल्या लाल ओहोळाच्या कडेकडेने चालत तो फाटकाशी थांबला. समोर मी. केस विस्कटलेले, हात कोपरापर्यंत लाल, हातात ब्रश.

"काकू... हे काय?"

"दिसत नाही? साफसफाई!"

"कधी... कधीपासून?"

"अकरापासून घासतेय रे बाबा. पण लाल यायचं काही थांबेना!"

"पण असं का केलंत?"

"का म्हणजे? चार वाजता माणूस येतोय बघायला. त्याच्या आधी सगळं निपटायला नको? उभा काय राहिलास, ती बादली दे इकडे!"

त्याने बादली दिली नाही. एक पाऊल मागे सरून विचारलं, "काका कुठे आहेत?"

"असतील इथेच कुठेतरी पडलेले!"

त्याने वाकून होडीखाली पाहिलं. घोट्यापर्यंत लाल दोन पाय! पिशवी तिथेच टाकून तो जो धावला, "काका गेले! काका गेले!"

"जाऊ देत! चहाच्या वेळेला येतात बरोबर!" मी मागून ओरडले.

आमच्या शेजारी एक रिटायर झालेले फौजदार राहतात. सगळ्या नोकरीत त्यांनी एक सायकलचोर पकडला, तोही सायकल परत करायला आला होता तेव्हा. ते पोस्टमनला घेऊन शिट्टी वाजवत आले. डोळ्यांत इतका आनंद मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिला नव्हता.

"वहिनी, ब्रश खाली ठेवा."

"का? तुम्ही घासताय का भावजी?"

"जे झालं ते शांतपणे कबूल करा."

"कबूल करायला मी काय भिते? हो, मीच केलं! एकटीने केलं! सुनेसाठी केलं!"

"सुनेसाठी!" त्यांनी पोस्टमनच्या पिशवीतून एक पाकीट ओढून त्याच्या पाठीवर लिहायला घेतलं. "तिला कल्पना आहे?"

"मुद्दाम सांगितलं नाही. आली की बघेल आणि खूश होईल!"

फौजदारांचा पेन थांबला. तेवढ्यात फाटक वाजलं. सूनबाई, आणि तिच्यामागे डोक्यावर टोपी, नाकाच्या टोकावर चष्मा, असा तो मास्तर! चारला अजून दहा मिनिटं होती. आणि त्याच क्षणाला होडीखालून एक दणदणीत शिंक आली.

पोस्टमन किंचाळून स्वतःच्या पिशवीवर बसला. खाट करकरली, आणि आमचे हे रांगत बाहेर आले. पाय लाल, एक कान लाल.

"अगं, पाऊस झाला का?" त्यांनी जांभई दिली. "चहा टाक जरा."

फौजदारांनी पाकीट परत देऊन टाकलं. बिचाऱ्यांचा चेहरा बघवत नव्हता.

मी हसणार होते, पण सूनबाईकडे नजर गेली. ती होडीकडे बघत होती. अर्धं बूड लाल, झळझळीत. उरलेलं अर्धं कुठे निळं, कुठे राखाडी.

"अगं, कच्चा होता रंग," मी म्हटलं. "मी पक्का करत होते."

ती सरळ माझ्याकडे आली. माझे हात तिने उलटेपालटे करून पाहिले. "आई, हातमोजे घातले नाहीत? डोळ्यांत काही गेलं नाही ना?" मला नळाखाली नेऊन तिने माझे हात कोपरापर्यंत धुतले. मग यांच्याकडे वळून म्हणाली, "बाबा, ते पाणी आधी अडवा, गटारात जायला नको. विषारी असतं. आणि पाय धुवा!" यांनी खाटेवरची गादी ओढत नेऊन फाटकात आडवी घातली. माझी नवी गादी!

"विषारी रंग लावतात?" मी विचारलं.

"शिंपले चिकटू नयेत म्हणून. तो सुटायलाच हवा, आई. होडी चालते तसा तो झिजतो आणि चिकटलेलं घेऊन जातो."

"आणि आतला निळा?"

"लाल झिजून निळा दिसला की समजायचं, पुन्हा रंगवायची वेळ झाली." मग नळ बंद करत म्हणाली, "असू दे."

ते 'असू दे' म्हणताना तिचा आवाज चिरकला. मला कोणी चाळीस वर्षांच्या शिव्या एकदम घातल्या असत्या तरी इतकं लागलं नसतं!

मी तशीच ओल्या हातांनी मास्तरपुढे जाऊन उभी राहिले. "हे बघा, हा उद्योग माझा. हिचा नव्हे! तुम्ही काल यायला हवं होतं. तीन आठवडे ही पोर त्या लाकडाला गाल लावून बसली होती. हातोडीने आवाज ऐकून कुजका तुकडा शोधते ही, डॉक्टर काय तपासेल! हिच्या हातासारखा हात मी पाहिला नाही. माझा स्वतःचा धरून सांगते, नाही पाहिला! नापास करायचं तर मला करा. मला सवय आहे, चौथीत झालेय!"

मागे सूनबाईच्या हातातली बादली पडली. मला वाटतं, गादी गेल्याचा मला बसला त्यापेक्षा मोठा धक्का तिला हा बसला असावा.

मास्तर चष्मा पुसून होडीशी वाकला. लाल, निळा आणि राखाडी जिथे भेटत होते तिथे त्याने अंगठ्याचं नख फिरवलं. मग राखाडीवरून तळवा. पुढून मागे, मागून पुढे. मग टोपी काढली आणि, खोटं सांगत नाही, गाल लावला!

"बारा वर्षांपूर्वी ही होडी धक्क्यावर आपटली होती," तो म्हणाला. "ठिगळ मीच मारलं होतं. कुठे गेलं ते?"

"पुढे, डाव्या अंगाला," हे म्हणाले. "चांगलं लिंबाएवढं टेंगूळ होतं की तुमचं!"

मास्तरने शोधलं. सापडेना. शेवटी सूनबाईने त्याचं बोट धरून एका जागी टेकवलं. "इथे. पण हाताला नाही कळायचं."

मास्तरने तिथे बोट फिरवलं, मग नख, तरी कळेना!

"रंगाखाली लोक काय काय झाकतात मला माहीत आहे," तो म्हणाला. "मीपण झाकलंय. वरून बघून मी हिला नापासच केलं असतं. तिकडे लालवर रोलरची एक रेघ राहिली आहे." मला ती रेघ अजून दिसलेली नाही! "पण आतलं काम असं उघडून कोणी कधी दाखवत नाही. रंगाचे हात बघा, सगळीकडे सारखे. सोमवारपासून ये. बारा होड्या. ही आधी नीट करून घे, मला घाई नाही."

सूनबाई 'हो' म्हणाली आणि चष्मा काढून पुसत राहिली. बराच वेळ पुसत राहिली.

जाता जाता मास्तर माझ्याकडे वळला. "आणि बाई, तुम्हीपण या. जुना रंग उतरवायला मला माणूस मिळत नाही. साडेचार तासांत अर्धी होडी! माझी दोन माणसं दोन दिवस घेतात!"

मला नोकरी! मी लगेच फौजदारभावजींना म्हटलं, "हे लिहून घ्या पाकिटावर!"

सोमवारी आम्ही दोघी गेलो. सूनबाईने मला हातमोजे दिले, तोंडाला फडकं दिलं आणि पहिली होडी दाखवली. मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत बूड नागडं करते, बघच!

आज गुरुवार. चौथा दिवस आहे. त्या होडीचा रंग पक्का निघाला! नखाएवढा सुटेल तर शपथ! ब्रश झाला, तारेचा काथ्या झाला, कोणी बघत नाहीसं पाहून मी पुडाभर मीठसुद्धा चोळून पाहिलं. मघाशी सूनबाई येऊन म्हणाली, "आई, मदत करू?"

मी म्हटलं, "खबरदार! होडीला कोणी हात लावायचा नाही!"